जुन्या गोल पात्याच्या आरागिरणीचा निर्माता कसा ओळखावा?

वखारवाले, कुडाळ

आमची लाकडाची वखार बंद होऊन बराच काळ लोटला असून तिथली गोल पात्याची आरागिरणी आता भंगारवाला वजनावर मागत आहे. ती मोडीत देण्यापूर्वी तिचा निर्माता कोण, हे कळावे अशी इच्छा आहे. चौकट आणि वरचे मेज बिडाचे असून पाते सुमारे 42 इंच व्यासाचे आहे. पात्यावर 'स्पिअर अँड जॅक्सन, शेफिल्ड' असा ठसा आहे, चौकटीच्या पुढच्या अंगाला मुंबईच्या एका यंत्रविक्रेत्याची पितळी पट्टी आहे आणि ज्या इंजिनावर ती चालत असे ते सातारा रोडच्या कूपर कंपनीचे आहे. याशिवाय चौकटीच्या बाजूला, रंगाच्या थरांखाली, उठावाची रोमन अक्षरे दिसतात. त्यांपैकी 'एस-ओ-एन' एवढीच कशीबशी वाचता येतात. या नावांपैकी निर्मात्याचे नाव कोणते समजावे?

फाउंड्रीवाले, कोल्हापूर

ठसा, पट्टी आणि इंजिन यांपैकी कशावरही विसंबू नये. स्पिअर अँड जॅक्सन ही शेफिल्डची पाती आणि करवती करणारी जुनी कंपनी आहे. दाते झिजून पाते लहान झाले की दुसरे बसवले जाते, आणि ते कोणत्या कंपनीचे घ्यायचे हे बाजारात काय मिळते त्यावर ठरते. इंजिन पट्ट्याने जोडलेले असते, म्हणून ते बहुधा वेगळेच विकत घेतले जाई. पितळी पट्टी विक्रेत्याने दोन स्क्रूंनी लावलेली असणार. जे बदलणे परवडत नाही ते म्हणजे चौकट, आणि त्यामुळे तिच्यावर ओतलेली अक्षरे हाच खरा पुरावा होय.

ती अक्षरे उघडी करताना ग्राइंडर मुळीच लावू नये. रंग काढण्याचे द्रावण लावून पितळी तारांच्या ब्रशाने थर सोडवावेत, मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलीची कांडी आडवी घासावी. अंधारात एका बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकल्यासही पुसट उठाव वाचता येतो.

मात्र अक्षरे मिळाली तरी एक शंका उरतेच. विलायती यंत्रांच्या नकला आपल्याकडे पुष्कळ झाल्या, आणि काही वेळा मूळ भागच साच्यासाठी वापरल्यामुळे त्यावरचे नावही नकलेत उतरले. बीड थंड होताना फुटामागे साधारण अष्टमांश इंच आकसते. म्हणून मूळ मेज 6 फुटांचे असेल, तर त्यावरून घेतलेली नक्कल पाऊण इंचाने आखूड भरते. एखादे माप पूर्ण फुटांत किंवा इंचांत येते का, हे रंधा न मारलेल्या, म्हणजे ओतल्यावर तासून सपाट न केलेल्या, भागांवर तपासावे. नकलेतील अक्षरांच्या कडाही बोथट असतात.

निवृत्त यंत्र अभियंता, पुणे

वरील मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु 'एस-ओ-एन' एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण इंग्लंड-स्कॉटलंडमधील अशा कारखान्यांच्या नावांत 'अँड सन' किंवा 'अँड सन्स' हे शेपूट सर्रास असे. रॉचडेलचे थॉमस रॉबिन्सन अँड सन, हेब्डन ब्रिजचे जॉन पिकल्स अँड सन आणि पेझ्लीचे थॉमस व्हाइट अँड सन्स ही तिन्ही नावे येथे बसतात. पुसट 'एम' हा 'एन' वाटला असेल तर ए. रॅन्सम अँड कंपनीही यादीत येते. तेव्हा कंपनीच्या नावापेक्षा गावाचे नाव वाचण्यावर भर द्यावा. त्यातून कधी कधी काळही कळतो: रॅन्समचा कारखाना 1900 साली लंडनच्या चेल्सीमधून न्यूअर्क-ऑन-ट्रेंटला गेला, त्यामुळे त्यांच्या यंत्रावर 'चेल्सी' असेल तर ते त्यापूर्वीचे ठरते.

दुसरे असे की, अर्धा इंची बोल्टचे आटे मोजावेत. इंचाला 12 आटे असतील तर ते व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे इंग्रजी पद्धतीचे. 13 असतील तर अमेरिकन. मूळचे बोल्ट मेट्रिक मापाचे निघाले तर यंत्र आपल्याकडे दशमान पद्धत रुळल्यानंतरचे मानावे लागेल. मात्र व्हिटवर्थ आटे हा विलायती यंत्राचा पुरावा नव्हे, कारण आपल्या जुन्या कारखान्यांतही तेच चालत. बेअरिंगही पाहावीत. पांढऱ्या धातूचे (बेअरिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या मऊ मिश्रधातूचे) अस्तर असलेली बेअरिंग मूळची असण्याचा संभव अधिक. बॉल बेअरिंग मात्र पुढे कोणीही बसवलेली असू शकते.

वखारवाले, कुडाळ

सूचनांप्रमाणे रंग काढला. वरच्या ओळीत 'आय-एन-एस-ओ-एन', त्यापुढे 'अँड'चे चिन्ह (&) आणि पुन्हा 'एस-ओ-एन' अशी अक्षरे स्पष्ट झाली, तर खालची ओळ 'डी-ए-एल-ई' अशी संपते. मेजाची लांबी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 6 फूट भरली. अर्धा इंची बोल्टला इंचामागे 12 आटे आहेत. बेअरिंगमध्ये पांढऱ्या धातूचे अस्तर आहे. प्रत्येक ओतीव भागावर उठावाचा एक आकडा आहे, पण तो दर भागावर वेगळा आहे.

निवृत्त यंत्र अभियंता, पुणे

मग चौकट रॉचडेलच्या रॉबिन्सनचीच म्हणायला हरकत नाही. 1838 साली सुरू झालेला हा कारखाना लाकूडकामाच्या यंत्रांबरोबर पिठाच्या गिरण्यांची यंत्रेही करीत असे, त्यामुळे हे नाव जुन्या रोलर फ्लोअर मिलमध्येही आढळते. उठावाचे आकडे हे साच्यांचे क्रमांक होत. त्या त्या भागाच्या सर्व प्रतींवर तेच आकडे येतात, म्हणून त्यांवरून वर्ष काढू नये. यंत्राचा स्वतःचा क्रमांक पंचाने ठोकलेला असतो. तो मेजाच्या रंधलेल्या कडेवर किंवा पात्याच्या शाफ्टजवळच्या सपाट भागावर शोधावा. पट्टीवरील पत्त्यात पिन कोड असेल तर ती 1972 नंतरची, कारण पिन कोड त्या वर्षी आले. पण पट्टीचे वय हे विक्रीचे वय आहे, यंत्राचे नव्हे.

फाउंड्रीवाले, कोल्हापूर

मेज पूर्ण 6 फूट भरले, यावरून नकलेची शंका बरीच कमी होते. तरी मेजाच्या टोकांवर रंधा चाललेला असू शकतो, तेव्हा चौकटीच्या पायांतील अंतरही एकदा मोजावे. भंगारवाल्याला द्यायचेच ठरले, तरी आधी जुन्या यंत्रांच्या संग्राहकांकडे चौकशी करावी, आणि तोवर बेअरिंगच्या टोप्या व पितळी पट्टी जागेवरून काढू नयेत. भंगाराचे गिऱ्हाईक प्रथम घण घालते, आणि बिडाची फुटलेली चौकट जोडून पूर्ववत करणे फार कठीण असते.