लेन्सची टोपी, कापडी पडदा आणि उन्हाचा बागुलबुवा

भिंगवाला
फिल्म कॅमेऱ्यांच्या एका ग्रुपवर काल फतवा निघालाय : "कापडी शटरचा रेंजफाइंडर दुपारी बाहेर काढूच नये. फोटो काढायचा क्षण सोडला तर लेन्सवर कायम टोपी हवी, नाहीतर पडद्याला भोक पडणारच." (रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून नाही, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा; पडदा म्हणजे फिल्मसमोरचं शटर.) खाली "धन्यवाद सर"ची रांग. मी तिथे उत्तर लिहिलं, ते उडवलं गेलं. म्हणून इथे सविस्तर.

भोक पडतं, नाही कोण म्हणतंय? एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, मध्ये आरसा असतो, रेंजफाइंडरमध्ये लेन्स आणि पडदा यांच्यामध्ये नुसती हवा. ५० मिमीच्या लेन्समधून सूर्याची प्रतिमा पडद्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर व्यासाची पडते आणि सगळा ताप त्या ठिपक्यात. पण त्यासाठी ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) सताड उघडं हवं, फोकस इन्फिनिटीजवळ (अगदी दूरवर) हवा, सूर्य चौकटीत हवा आणि कॅमेरा स्थिर हवा. गळ्यातला कॅमेरा चालताना सतत हलतो आणि समोर किंवा खाली बघतो. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर. तुम्ही शीर्षासन करत फिरत नसाल तर तो लेन्समध्ये येणार कुठून? घाबरायचंच असेल तर संध्याकाळच्या चौपाटीला घाबरा.

शिवाय ॲपर्चर एफ २ (मोठं छिद्र) वरून एफ १६ (बारीक छिद्र) वर नेलंत की प्रकाश ६४ पटीने कमी. रिंग फिरवायला पैसे पडत नाहीत. आणि टोपी? रेंजफाइंडरमधून बघताना ती दिसतच नाही. सूर्याने जाळलेल्या पडद्यांपेक्षा टोपीने वाया घालवलेले रोल जास्त आहेत, पैज लावतो.

फिनिक्सकर
पैज ठीक आहे, पण रोल नवा आणता येतो. लायका एम३ रेंजफाइंडरचा पडदा बदलायला इथे काय मागतात ते ऐकून बसावं लागेल. माझा कॅमेरा गाडीच्या पुढच्या सीटवर पडला होता, लेन्स काचेकडे. मी पेट्रोल भरून, कॉफी घेऊन परत. पुढच्या रोलवर प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी पांढरा ठिपका. तेव्हापासून टोपी म्हणजे टोपी.

तिरकस
ॲरिझोनात राहून कॅमेरा गाडीत उन्हात ठेवायचा आणि दोष कापडाला. छान.

फिनिक्सकर
गाडीत ठेवू नये हे कळायला मला तुमची गरज नाही. मुद्दा असा की माणसं ठेवतात. "चार गोष्टी एकदम जुळाव्या लागतात" म्हणताय, त्या जुळवायला मला कसलेच कष्ट पडले नाहीत.

मालवणी मेवा
आमच्याकडे तर त्या ठरवून जुळवतात. पावसाळाभर कॅमेरा कपाटात, दसऱ्याला काढला की लेन्समध्ये बुरशीची जाळी. मग ऊन द्यायचं. आमच्या काकांनी झोर्की ४ (जुना सोव्हिएत रेंजफाइंडर, कापडी पडद्याचा) गच्चीच्या कठड्याला तिरका टेकवून ठेवला, तोंड थेट सूर्याकडे. ज्युपिटर ८ लेन्स लावलेलीच, एफ २ वर, कारण "आतपर्यंत ऊन पोचायला हवं". पडद्यावर भोक नाही, चांगला लांब चरा होता. सूर्य सरकत गेला तसा जळत गेलेला.

भिंगवाला
साहजिक आहे. सूर्य आकाशात साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, प्रतिमाही तशीच सरकते. पण अहो, बुरशी लेन्सला, ऊन बॉडीला कशाला? लेन्स काढून ठेवायची, बॉडीला झाकण लावून घरात. आणि उन्हाने बुरशी जाते हेही अर्धवटच. अतिनील किरणांचा मोठा भाग पुढची काचच खाते. वर कोटिंगवर उमटलेले डाग ऊन काय, कशानेच जात नाहीत.

मालवणी मेवा
अर्धवट? आमच्या घरातल्या लेन्सा वर्षानुवर्षं उन्हावरच टिकल्यात. पुण्यात बसून दमट हवा काय असते ते सांगू नका.

झोर्कीप्रेमी
ऊन नाही, कोरडेपणा टिकवतो. हवाबंद डबा, सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की भाजून घ्यायचं. तांदळाच्या डब्यात ठेवणाऱ्यांनी कृपया हात वर करू नयेत, पिठी लेन्सच्या हेलिकॉइडमध्ये (फोकसच्या पेचात) जाते.

मालवणी मेवा
डब्यात चामड्याच्या केससकट ठेवतात ना लोक? बुरशी केसमध्येच असते. तुमचं जेल गुलाबी होऊन थकतं, केस दमट ती दमटच.

झोर्कीप्रेमी
मी केससकट ठेवा असं कुठे लिहिलंय? वाचत चला हो. केस वेगळी, कॅमेरा वेगळा हे बालवाडीत शिकवतात.

मालवणी मेवा
बालवाडीवाल्यांशी बोलणं इथेच थांबवतो.

तिरकस
कपाटात ठेवला तर बुरशी, उन्हात ठेवला तर भोक. कोकणात फिल्म कॅमेरा घेणं हा नवस आहे की शाप, यावर वेगळा धागा काढा.

काकासाहेब ३५मिमी
बुरशी पुरे आता. दोन गोष्टी सांगतो, मग भांडा.

एक, टोपीबद्दल भिंगवाल्यांशी सहमत. उमेदवारीत असताना लग्नाचं काम फेडवर (झोर्कीसारखाच सोव्हिएत रेंजफाइंडर) करायचो. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले गेले, मी दणादण बटण दाबतोय. फ्लॅश उडतोय, सगळ्यांना वाटतंय फोटो निघताहेत. टोपी लेन्सवर. मुलीच्या वडिलांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. नंतर लग्नाला रेंजफाइंडर नेलाच नाही.

दोन, प्रत्येक भोक सूर्याच्या माथी मारू नका. पडदा म्हणजे रबर चढवलेलं कापड. वय झालं की रबर सुकतं, तडकतं. गोल आणि काठ करपलेलं भोक असेल तर ऊन. रुळावर गुंडाळल्या जाणाऱ्या भागात बारीक भोकांचं तारांगण दिसलं तर म्हातारपण. विकणारे दोन्हीला "उन्हाचा छोटासा डाग" म्हणतात, कारण एक भोक बुजवता येतं, तारांगणाला अख्खा पडदा लागतो. एका दुकानदाराने मला असाच एक गळ्यात मारला होता, नाव घेत नाही.

झोर्कीप्रेमी
म्हणूनच मी धातूच्या शटरचा कॅनन पी घेतला. १९५९ चं मॉडेल, स्टीलचा पडदा, ना ऊन ना टोपी.

फिनिक्सकर
आणि सुरकुत्या? कॅनन पीचा सपाट पडदा मी अजून पाहिलेला नाही. रोल भरताना अंगठा लागला की कायमची घडी.

झोर्कीप्रेमी
सुरकुतीतून प्रकाश येत नाही, साहेब. भोकातून येतो.

भिंगवाला
फिनिक्सकर, गाडीची सीट, गच्चीचा कठडा, हॉटेलातलं टेबल : कॅमेरा हातातून खाली ठेवला की टोपी लावा, मान्य. गच्चीवाल्या काकांसाठी तर टोपी सक्तीची करा, मी पहिली सही करतो. पण गळ्यात असताना नाही. एफ १६ आणि लेन्स पोटाकडे वळवलेली, बस.

फिनिक्सकर
म्हणजे माझं म्हणणं मान्य, फक्त माझ्या तोंडून नको. धन्यवाद सर. आणि ज्युपिटर ८ च्या ॲपर्चर रिंगला क्लिक नसतात. एफ १६ वर ठेवलेली शर्टाला घासून एफ ४ वर कधी आली, कळतही नाही.

भिंगवाला
हे मात्र खरं आहे. तेवढ्यासाठी फोकस एक मीटरवर आणून ठेवा. एफ २ वरसुद्धा ठिपका पसरतो आणि ताप सात-आठ पटीने उतरतो. ॲपर्चरइतकं नाही, पण जोडीला चालतं.

तिरकस
माझ्या झेनिट एसएलआरला काही होईल का? पडदा कापडीच आहे.

काकासाहेब ३५मिमी
आरसा खाली असेपर्यंत काही होत नाही. झोपा निवांत.

ज्यांना भोकाची शंका आहे त्यांनी झोर्की ४ किंवा फेड २ ची पाठ काढा, लेन्स काढा, अंधाऱ्या खोलीत पुढून टॉर्च मारून मागून बघा. चावी भरून (शटर ताणून) एकदा आणि न भरता एकदा, कारण पडदे दोन आहेत. चावी भरलेली असताना फिल्मसमोर पहिला पडदा, फोटो काढल्यावर दुसरा. फोटो काढल्या काढल्या चावी भरायची सवय असेल तर पहिल्या पडद्याचं भोक जास्त छळेल. खालून रोल भरायच्या जुन्या झोर्कीला पाठ निघत नाही, तिथे एक रोल खर्ची घाला.

मालवणी मेवा
चरा बुजवायला काय लावायचं? नेलपॉलिश चालतं असं वाचलंय.

काकासाहेब ३५मिमी
नाही! वाळलं की कडक होतं, पडदा रुळावर गुंडाळला की तडकून पडतं आणि तुकडे शटरमध्ये जातात. कापडावरचा लवचिक काळा रंग, बारीक ब्रश, पातळ हात, दोन वेळा. तोही ठिपक्यासाठी. लांब चऱ्याला नवा पडदाच.

झोर्कीप्रेमी
मी नेलपॉलिश लावलेला फेड वापरतोय, काही झालेलं नाही.

काकासाहेब ३५मिमी
वेग मोजलात का? १/५०० सेकंदावर चौकटीची एक बाजू गडद येत असेल, बघा नीट.

झोर्कीप्रेमी
... ती लेन्समुळे येते.

काकासाहेब ३५मिमी
हो का. बरं.

मालवणी मेवा
आमच्या काकांनी आधीच लावून टाकलंय. काकूंचं. लाल.

काकासाहेब ३५मिमी
रिमूव्हर लावू नका, खालचा थरही निघून येईल. पडदा बदला आता.