लूशानचा खरा चेहरा

‘लूशानचा खरा चेहरा’ या चिनी वाक्प्रचाराचा अर्थ ‘रमणीय डोंगर’ असा दिलेला दिसतो, पण तो तसा नाही. थोडी भर घालतो, कारण हा वाक्प्रचार माझ्या फार आवडीचा आहे.

लूशान हा चीनच्या च्यांगशी प्रांतातला, यांगत्सी नदी आणि पोयांग सरोवराच्या शेजारचा डोंगर. हद्दपारीच्या गावाहून नव्या ठिकाणी निघालेला कवी सू शी १०८४ साली तिथे थांबला आणि शीलिन मठाच्या भिंतीवर त्याने चार ओळी लिहिल्या. समोरून पाहावं तर लांबलचक डोंगरधार, बाजूने पाहावं तर तोच सुळका. जवळून, लांबून, वरून, खालून, दर वेळी वेगळाच. लूशानचा खरा चेहरा कळत नाही, कारण आपण याच डोंगरात उभे आहोत! धुक्यात ट्रेक केलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

आजच्या चिनी बोलण्यात ‘लूशान चन म्येनमू’ (हाच वाक्प्रचार, मूळ चिनीत) निसर्गवर्णनासाठी सहसा येत नाही. माणसाचं खरं रूप, प्रकरणातलं सत्य, यासाठी येतो. नव्या वस्तूवरचं झाकण काढलं, की तिने ‘लूशानचा खरा चेहरा दाखवला’ म्हणतात. नुसत्या देखाव्यासाठी ‘शान छिंग श्वेइ श्यू’ आहे: हिरवे डोंगर, नितळ पाणी.

आपलं ‘दुरून डोंगर साजरे’ याच्या बरोबर उलट टोकाला आहे. तिथे अंतरामुळे खाचखळगे लपतात, इथे जवळिकीमुळे अख्खा डोंगरच लपतो. चिनी शिकणाऱ्या मराठी मुलांना या दोन्ही म्हणी शेजारी ठेवूनच सांगाव्यात, असं मला मनापासून वाटतं.