व्हेंट काचेजवळ नको
कोणीतरी म्हटलंय की इंजिनची गरम हवा वरच जाते, तर ती बाहेर पडायला बॉनेटला व्हेंट (झरोका) पार मागे पुढच्या काचेजवळ मारा. उभ्या गाडीत चालेल, पण गाडी पळायला लागली की काचेच्या पायथ्याशी हवा दाबली जाते, तिथे प्रेशर जास्त, मग गरम हवा बाहेर पडायच्या ऐवजी बाहेरचीच आत शिरते. केबिनला हवा घ्यायची जाळी उगाच तिथे देत नाहीत. मी पत्रा कापायच्या आधी बॉनेटभर लोकरीचे बोटभर धागे मास्किंग टेपने चिकटवले आणि मित्राला शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढायला लावला (लोक बघून हसत होते ते सोडा). ७० च्या स्पीडला पुढचे धागे सरळ मागे पडलेले, काचेजवळचे नुसते वळवळत होते, म्हणजे तिथे हवा सरळ मागे वाहत नव्हती.

मग रेडिएटरच्या जरा मागे, आतल्या रिबा (बॉनेटला मजबुती देणाऱ्या पट्ट्या) सोडून जिगसॉने कापलं. पावसाचं पाणी थेट अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर) पडू नये म्हणून खाली अॅल्युमिनियमचा छोटा ट्रे रिव्हेट केला, तो अजून मस्त आहे. चुकलो एकाच ठिकाणी, कापलेल्या कडेला प्रायमर मारायचा कंटाळा केला आणि दसऱ्यापर्यंत व्हेंटच्या चारी बाजूंनी गंजाचे तांबडे ओघळ.