मदत हवी आहे: सुट्या भागांच्या चित्रात गोल वस्तू कशा शिकवाव्यात?

मालवणजवळच्या वाडीत दर रविवारी सहावी-सातवीच्या मुलांना चित्रकला शिकवते. सध्या वस्तू उघडून तिचे भाग बसतात त्याच क्रमाने, एकाच अक्षावर थोडे लांब सरकवून काढायला घेतलेत.

खटक्याचं बॉलपेन छान जमलं. स्प्रिंग, रिफिल, नळी आडवी मांडून समोरून काढली. अडलोय सेलच्या टॉर्चवर. ती तिरकी काढताना काच, परावर्तक आणि झाकण यांचे लंबगोल वेगवेगळ्या कोनांत कलतात आणि भाग हवेत विखुरल्यासारखे दिसतात. 30 अंशांचा ठिपक्यांचा कागद (ठिपके जोडून 30 अंशांच्या तिरक्या रेषा काढता येतात तो) देऊन पाहिला. चौकोनी डबा सुरेख आला, गोल वस्तू नाहीत. सगळ्या भागांच्या मधून जाणारी अक्षाची तुटक रेषा आधी आखूनही तेच. करवंटी डोळ्यांसमोर कलती करून दाखवली, की बघताना सगळ्यांना कळतं; कागदावर मात्र विसरतात.

कंपासपेटी सगळ्यांकडे आहे. संगणक नाही, आणि छापील साचे मला नकोत, हाताला वळण लागायला हवं.

लंबगोलाची लांब बाजू मधल्या रेषेला काटकोनात हवी, हे या वयाच्या मुलांच्या हातात कसं बसवता? आधी समभुज चौकोन आखून त्यात लंबगोल बसवायला शिकवावं, की नुसत्या नजरेचा सराव पुरतो?