मदत हवी आहे: चित्र छापायचा ताम्रपट (कोरलेला तांब्याचा पत्रा) तोच की नक्कल?

तीस वर्षांच्या युद्धातल्या (१६१८-४८, युरोप) एकपानी जर्मन पत्रकांवर लेख लिहिते आहे. विषय स्वीडनचा राजा गुस्ताव आडॉल्फ. १६३० मध्ये तो सैन्यासह जर्मन किनाऱ्यावर उतरला, १६३२ मध्ये ल्युत्झेनच्या लढाईत मारला गेला. तेवढ्या काळात प्रोटेस्टंट छापखान्यांनी त्याला गिदोन केलं, यहूदा मक्काबी केलं (दोघेही प्राचीन ज्यू योद्धे), उत्तरेचा सिंह केलं. ढगांतून देवाचा हात, समोर बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातलं सात डोक्यांचं श्वापद! परक्या राजाची फौज दारात येणं ही देवाचीच योजना आहे असं ही चित्रं पटवतात, म्हणून ती मला फार महत्त्वाची वाटतात.

माझ्याकडे एका पत्रकाच्या दोन प्रतींचे स्कॅन आहेत. वरचं ताम्रपटाचं चित्र सारखं, खाली अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली कविता मात्र वेगळी. छापणाऱ्याचं नाव, गाव दोन्हींवर नाही. स्कॅन एकमेकांवर ठेवून पाहिले. पत्र्यावरचं चित्र छापताना उलटतं; इथे एका प्रतीतलं चित्र दुसरीच्या तुलनेत आरशातल्यासारखं उलटलेलं नाही, त्यामुळे छापील प्रत बघून, न उलटवता तशीच कोरलेली नक्कल नसावी. छायेच्या रेघा बहुतेक जुळतात, सिंहाच्या आयाळीपाशी मात्र नाहीत. एका प्रतीच्या कडा कापलेल्या असल्याने पत्र्याचं माप घेता येत नाही. मूळ कागद बघणं शक्य नाही, जलचिन्हही स्कॅनमध्ये दिसत नाही.

झिजलेला पत्राच पुन्हा कोरला की दुसऱ्याने हुबेहूब नवा कोरला, हे केवळ स्कॅनवरून ठरवायचं तर नेमक्या कोणत्या खुणा बघाव्यात?