शिमग्यापासून मृगापर्यंत ताटात रंग कसे टिकवायचे?

मांजराकाठ (प्रश्न)
गाव लातूर जिल्ह्यात, बाजार आठवड्यातून एकदाच. घरात तिघं मोठी, सासूबाई (मधुमेह, गोळ्या चालू) आणि सहा वर्षांचा मुलगा. संक्रांतीपर्यंत माळव्याला तोटा नसतो. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) भज्जीत तर एकाच पातेल्यात दहा जिनसा पडतात. शिमगा झाला की पालेभाजी आटते, महागते, आणि मग वांगं-बटाटा, पिठलं, वरण एवढ्यावरच येतं. रंगीबेरंगी भाज्या-फळं खा असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण त्यात ब्रोकोली आणि ड्रॅगन फ्रूट असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात हे कसं जमवायचं? किती आणायचं? सासूबाईंना कोणती फळं द्यायची? मुलगा हिरवं दिसलं की ताट सरकवतो.

रानपाला
आधी हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. हे वजन कच्च्या, निवडलेल्या मालाचं. बटाटा त्यात मोजायचा नाही, तो भाकरीच्या बाजूला. तुमच्या घराला हे रोज दोन-सव्वादोन किलो, म्हणजे आठवड्याला पंधरा किलोच्या आसपास होतं. मेथीची जुडी निवडल्यावर जवळपास निम्मीच उरते, तेही धरा. सध्या याच्या निम्मं येत असेल तर दर बाजाराला किलो-दीड किलो वाढवत न्या.

रंग मात्र एका ताटात मोजू नका, आठवड्याचे मोजा. डांगर (लाल भोपळा), गाजर, पिकला आंबा, पपई यांतल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि ते यकृतात साठवतं. गर्द हिरव्या पाल्यातही कॅरोटीन भरपूर असतं, हिरव्या रंगाखाली ते दिसत नाही इतकंच. त्यामुळे आठवड्यात तीन-चारदा मिळालं तरी भागतं. क जीवनसत्त्वाचा असा साठा होत नाही, ते रोज हवं. पेरू, मोसंबी, आवळा, नाहीतर जेवताना पिळलेलं लिंबू. उन्हाळ्यात लिंबू महागतं तेव्हा कैरी आहेच. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलोरा आलेली मोसंबीही मार्च-एप्रिलात बाजारात असते.

बाजारातून आणलेलं ज्या क्रमानं सुकतं त्याच क्रमानं शिजवा. पहिले दोन दिवस पालेभाजी, मग भेंडी, दोडका, गवार, ढेमसं, आणि शेवटचे दिवस बीट, पत्ताकोबी, डांगर. उन्हाळ्यात सगळ्यात भरवशाचं डांगरच. देठ शाबूत असलेलं, नख न रुतणारं बघून घ्या. धुऊ नका, गारव्याला कोरड्या जागी पोत्यावर ठेवा, अख्खं असेल तर दोन महिने सहज राहतं. देठ तुटला की तिथून पाणी सुटतं आणि कुज लागते. एकदा चिरलं की दोन-तीन दिवसांत संपवायचं.

वांग्याचं म्हणाल तर जांभळा रंग फक्त सालीत असतो, आत पांढरा गर. रोजच्या वांग्यानं जांभळा रंग खाल्ल्याचं समाधान मानू नका. खरा गर्द जांभळा ऐवज म्हणजे जूनमधलं जांभूळ.

मोबाईलवर ‘लाल हृदयाला, जांभळं मेंदूला’ असे तक्ते फिरतात. इतकं सरळ नातं नाही. वेगवेगळे रंग खाल्ले की वेगवेगळे घटक आपोआप पोटात जातात, एवढाच त्याचा अर्थ. पांढरेही टाकाऊ नाहीत. मुळा, फुलकोबी, कांदा, लसूण यांचं स्वतःचं काम आहे.

चूलपाणी
वरचं बरोबर आहे, पण स्वयंपाकात निम्मं वाया जातं त्याकडेही बघा. कॅरोटीन तेलात विरघळतं, त्यामुळे बिनतेलाच्या कोशिंबिरीतल्या गाजराचा पुरता उपयोग होत नाही. माणशी चहाचा एक चमचा तेल किंवा दोन चमचे शेंगदाण्याचा कूट पुरे. टोमॅटो कच्च्यापेक्षा तेलात शिजलेला जास्त लागू पडतो, त्यातला लाल रंग शिजल्यावर मोकळा होतो. क जीवनसत्त्वाचं उलटं, ते उकळीत नासतं. म्हणून लिंबू भाजी उतरवल्यावर पिळायचं. लिंबानं पालेभाजीतलं आणि भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं, आणि जेवणाला लागून चहा घेतला की ते अडतं. निदान तासाभराचं अंतर ठेवा.

पालेभाजी हिरवीगार राहावी म्हणून सोडा टाकतात. रंग राहतो, जीवनसत्त्वं जातात. त्यापेक्षा पहिली दोन मिनिटं झाकण न ठेवता परतली तरी रंग राहतो. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात टाकली की पाण्याबरोबर सत्त्व गेलं. टाकीच्या पाण्यावर दिवस काढायचे असतात तेव्हा दोन घमेली घ्या. पहिल्यात माती खाली बसू द्या, दुसऱ्यात हलवून उचला. ते पाणी शेवग्याच्या बुडाशी जाऊ द्या. दारात शेवगा असला तर उन्हाळ्यातही कोवळा पाला मिळतो, आणि सांडपाण्यावर घोळ नि तांदुळजा येतो. साबणाचं पाणी मात्र भाजीला नको.

उन्हाळ्याची खरी तयारी डिसेंबरातच. हरभऱ्याचे शेंडे फुलोऱ्याआधी खुडतात तेव्हाच वाळवणाचे खुडून घ्या. ही भाजी धुतली की तिची आंब (पानांवरचा आंबटपणा) निघून जाते, म्हणून जुन्या बायका धुवत नाहीत. त्यामुळेच फवारा न बसलेल्या रानातलीच घ्यायची. घाटेअळीचे फवारे सुरू झाल्यावरची नकोच. मेथी आणि शेवग्याचा पाला धुऊन, पूर्ण निथळून, सुती कापडावर पातळ पसरा. सावलीत, वारं लागेल तिथं. भर उन्हात लवकर वाळतं, पण हिरवा रंग उडतो आणि कॅरोटीनही जातं. तीन-चार दिवसांत मुठीत दाबल्यावर कुरकुर वाजून चुरा झाला तरच डब्यात भरा. देठ लवत असेल तर अजून ओल आहे, तसाच भरला तर महिन्याभरात डब्याला बुरशीचा वास येतो. वाळवणात क जीवनसत्त्व राहत नाही, त्यामुळे ते घातलेल्या वरणालाही लिंबू हवंच. पाच जणांच्या वरणात शेवग्याच्या पाल्याची दोन-तीन चमचे भुकटी पुरे, जास्त झाली की कडवट लागतं.

पथ्यघर
सासूबाईंसाठी: फळ बंद करायचं नाही, रस बंद करायचा. मोसंबीचा पेलाभर रस म्हणजे तीन-चार फळांची साखर, तीही चोथ्याशिवाय. एक मोसंबी सोलून, आतल्या पांढऱ्या सालीसकट फोडी खाऊ द्या. पेरू, पपई, बोरं, जांभूळ मूठ-दीड मूठ चालतात. केसर आंबा, सीताफळ, केळी अगदी थोडी, आणि त्या जेवणात भाकरी तेवढी कमी करून. जेवणावर गोड म्हणून वरून नको. जांभळाच्या बियांची पूड गोळीची जागा घेत नाही, गोळ्या परस्पर थांबवू नका.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर फळं-भाज्यांतलं पोटॅशियम मोजावं लागतं, तिथं वरचं ४०० ग्रॅमचं माप लागू नाही. आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी गोळी असेल तर पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात हवी, एक दिवस भरपूर आणि आठवडाभर काहीच नाही असं नको. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पालक आणि चुका आवरता घ्यावा. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, तो बिटाचाच रंग असतो.

मांजराकाठ
डिसेंबरातल्या वाळवणाचं लक्षात ठेवते. मुलासाठी धपाट्यात भाजी घालून पाहिली, पण पीठ पातळ होतं आणि कापडावर थापलं की तव्यावर सोडताना फाटतं. माप काय धरायचं?

चूलपाणी
फाटतं ते भाजीच्या पाण्यामुळे. मीठ लागलं की किसातून पाणी सुटतं, आणि आपण पाणी घालून आधीच पीठ सैल केलेलं असतं. क्रम बदला. दीड वाटी डांगराचा किस आणि मूठभर बारीक चिरलेली मेथी, त्यात मीठ, हळद, तिखट, ओवा, तीळ घालून दहा मिनिटं झाका. मग त्याच पाण्यात दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन आणि अर्धी वाटी गव्हाचं पीठ मिसळा. गव्हाचं पीठ बांधून धरतं, ते टाळू नका. लागलं तरच चमच्या-चमच्यानं पाणी. गोळा भाकरीच्या पिठाइतकाच घट्ट हवा. मळून ठेवू नका, पाव तासात परत सैल होतं, म्हणून दोन-तीन धपाट्यांपुरतंच मळा.

कापड ओलं करून घट्ट पिळलेलं असावं. थापून मध्ये बोटानं चार भोकं पाडा, कापडासकट तव्यावर उलटं टाका आणि तीन-चार सेकंद थांबून कडेनं सोडवत वर घ्या. तवा पुरता तापलेला नसेल तर धपाटं कापडालाच चिकटून येतं. भोकांत तेलाचे थेंब सोडा, म्हणजे डांगराला लागणारं तेलही त्यातच मिळतं. पहिले आठ दिवस मेथी दोन चिमटीच घाला, धपाटं केशरीच दिसू द्या. मग हळूहळू वाढवा.