ब-३०२ चा ससा, पहाटेची मोटर आणि जाळीतलं गवत

रविवार, एप्रिल

[६:४८] ब-२०२ काकू: सुप्रभात. नाइलाजाने ग्रुपवर लिहितेय. आज सातवा दिवस. पहाटे पाचला डोक्यावर धप्, धप्. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे, एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. ब-३०२ ने खुलासा करावा.

[६:५५] अ-१०३ काका: ब विंगच्या डक्टमधल्या जाळीत गवत अडकलंय. कोण टाकतं?

[७:०२] अ-३०१ अण्णा: वहिनी, वर ससा आहे का घोडा? 😀

[७:०३] ब-२०२ काकू: अण्णा, थट्टा नको. तुमच्या डोक्यावर होऊ दे, मग बोला.

[७:१५] ब-३०२: काकू, आधी माफी मागते. काकांना त्रास झाला, खरंच वाईट वाटलं. पण तो खेळत नसतो हो. ससा घाबरला की मागचे दोन्ही पाय जमिनीवर आपटतो, रानात बाकीच्या सशांना सावध करायची ती त्यांची रीत. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या हुंदडायच्या वेळा, पण कापूस दोन वर्षं आमच्याकडे आहे, असा रोज कधी आपटत नव्हता. आठवडाभर नेमका कशाला भितोय तेच कळेना, मलाच काळजी लागलीय.

[७:१८] अ-१०३ काका: जाळीतलं गवत कुणाचं? उत्तर आलं नाही.

[७:२१] ब-४०१: ताई, मागच्या रविवारपासून मोटर पाचला लागते. आधी साडेसहाला असायची.

[७:२४] सचिव: मोटरचा विषय इथे नको. अ विंगच्या तिसऱ्या मजल्याची तक्रार होती की सहाला नळ कोरडा असतो.

[७:२५] अ-३०१ अण्णा: तिसरा मजला म्हणजे मीच की. नाव घेऊन बोला. चार दिवसांआड पाणी, त्यात ब विंगवाले पाइप लावून गाड्या धुणार आणि तक्रार आमची?

[७:२६] ब-४०१: अण्णा, गाडी मी बादलीने धुतो. महिन्यातून दोनदा.

[७:२६] अ-३०१ अण्णा: तुला नाही म्हणालो बे. ज्याला कळायचं त्याला कळलं.

[७:३०] सचिव: कृपया वैयक्तिक नको 🙏

[७:३४] ब-३०२: मोटरचा पाइप आमच्या गॅलरीच्या भिंतीतूनच वर जातो! आणि कापूसची जागा मी मागच्याच आठवड्यात तिथे हलवली, कूलरसमोर. पारा ४२ वर गेलाय. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून जाते. तिशीच्या पुढे गेलं की त्याला जड जातं. बाटलीत पाण्याचा बर्फ करून टर्किश टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवते, कान ओल्या फडक्याने पुसते. भिंत थरथरली की बिचारा दचकत असणार. आजच त्याला आतल्या खोलीत घेते.

[७:४०] ब-२०२ काकू: ते बघा. आणखी एक. नातू तुमच्याकडे येतो, तो म्हणतो ससा स्वतःची लेंडी खातो. पोरांना काही व्हायचं नाही ना?

[७:४७] ब-३०२: काकू, त्याच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या. कोरड्या, गोल, त्या ट्रेमध्ये टाकतो. दुसऱ्या मऊ, घोसासारख्या, त्या थेट तोंडाने खातो. गवत एका फेरीत पुरतं पचत नाही, त्यातलं जीवनसत्त्व त्याला असं दुसऱ्यांदा मिळतं. हा आजार नाही, तसं करायचं थांबला तर मी घाबरेन. नातवाने हात धुतले की झालं.
एक विनंती मात्र आहे. पोरं त्याला बिस्किट आणि गाजर देतात. बिस्किट अजिबात नको, गाजर गोड, बोटाच्या पेराएवढंच. त्याचं खरं जेवण वाळलं गवत. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. सशाला उलटी होत नाही, पोट अडलं आणि दहा-बारा तास खाल्लं नाही तर जिवावर बेततं.

[७:५२] अ-३०१ अण्णा: गवत पाहिजे तर सांगा, मंगळवेढ्याहून ज्वारीचा कडबा येतो आमच्याकडे.

[७:५५] ब-३०२: अण्णा, मनापासून आभार. त्याला बारीक, पातळ गवत लागतं, कडबा जाड पडेल.

[७:५६] अ-१०३ काका: गवताचा विषय निघालाच आहे तर. जाळीतलं गवत कुणाचं?

[८:०४] ब-३०२: काका, आमचंच असणार. मुलगी ट्रे गॅलरीतून झटकते, मी बघितलं होतं, बोलले नाही. चुकलं. आत्ता खाली येऊन जाळी साफ करते.

[८:०५] अ-१०३ काका: एवढंच विचारत होतो. पावसाळ्यात तुंबलं असतं. मी काठी घेऊन येतो.

[८:१०] सचिव: मोटर उद्यापासून सहाला. अण्णा, चालेल?

[८:१९] अ-३०१ अण्णा: साडेपाच करा.

[८:२०] ब-२०२ काकू: सहा.

[८:३१] अ-३०१ अण्णा: बरं, सहा. पण नळ कोरडा दिसला की फोटो टाकणार.

[८:३३] ब-२०२ काकू: ब-३०२, खाली आलात की घरी या. कोथिंबिरीची जुडी उरलीय, चालते ना त्याला?

[८:३४] ब-३०२: चालते काकू. धुऊन, थोडीशी. येतेच.